होकाराच्या दारातलं टक्कल

...आणि वर मलाच विचारतात, "पण बाळाला आत न्यायची गरजच काय होती?" गरज! अहो, तुम्हाला सांगते, मला काय हौस आली होती? देशाच्या सभागृहात, ऐन मतदानात, नुकतीच मान धरायला लागलेली पोर पोटाशी बांधून शिरायची? लोक मुलांना बागेत नेतात, फार तर प्राणी बघायला नेतात, आणि मी नेली कुठे, तर होकाराच्या दारातून! पण दुसरं करणार काय होते मी? थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हीही त्या वकीलसाहेबांसारखे अर्धंच ऐकून ओरडत सुटाल.

तर मी सभासद आहे. निवडून आलेली. कशी आले ते विचारू नका, माझी मलाच अजून खात्री नाही. निकाल लागला तेव्हा मी तिथल्या अधिकाऱ्यांना म्हटलं होतं, "पुन्हा एकदा मोजून बघता का?" तर ते म्हणाले, "बाई, हे हरलेल्याने विचारायचं असतं." अशी मी! गॅस बंद केला की नाही हे बघायला जिना चढून परत जाणारी, दुधाचं तापमान मनगटावर बघून झालं की कोपरावर बघणारी, आणि मग नवऱ्याच्या कोपरावर. अशा बाईने देशाचे कायदे करायचे!

आता आमच्याकडचं मतदान कसं चालतं ते ऐका, आणि हसू नका, कारण त्या वेळी हसू नये असा नियमच आहे. घंटा वाजते. ती वाजत असेपर्यंत जो जिथे असेल तिथून धावत सुटतो. कुणी वाचनालयातून, कुणी उपाहारगृहातून तोंडात घास तसाच ठेवून, कुणी एका पायात बूट घालून. सभागृहाच्या मागे दोन दारं आहेत, एक होकाराचं आणि एक नकाराचं. ज्याला जे म्हणायचं असेल त्याने त्या दारातून चालत जायचं. घंटा थांबली की दारवान दार लावून घेतो, मग तुम्ही कितीही ठोका! आणि दारं ही एवढी बुटकी, की पंतप्रधान असो की माझ्यासारखी काल आलेली, वाकल्याशिवाय कुणाला जाता येत नाही. दाराच्या पलीकडे, स्टुलावर, मोजणारा बसलेला. डोळे मिटून! हो, हो, डोळे मिटून. कुणी कुठे मत दिलं हे पाहून मनात आकस धरू नये, म्हणून. आणि वाकून आत येणाऱ्या प्रत्येक डोक्यावर हात ठेवून तो मोजतो. पुजारी आशीर्वाद देतो ना, तसा. फक्त हा आशीर्वाद देत नाही, आकडा देतो.

आणि त्यातही गंमत बघा, होकाराच्या दाराशी मोजायला नकारवाल्यांमधला सगळ्यात ज्येष्ठ माणूस बसवायचा, आणि नकाराच्या दाराशी होकारवाला. म्हणजे कुणी आपल्या बाजूने डोकी वाढवू नयेत. सगळ्या सभागृहात ज्येष्ठ म्हणजे आबा. त्यांना सगळे आबाच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. आबांनी हयात त्या स्टुलावर काढली, आणि एकदाही... ते स्वतःच सांगतात हं हे, आणि बोट वर करून सांगतात... "एकदाही आकडा चुकला नाही!" आणि त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं. कुणी पद्धत बदलायचं नाव काढलं की आबा काठी आपटतात आणि म्हणतात, "मत पायांनी द्यायचं असतं, बाई!" समोर बाप्या असला तरी "बाई" म्हणतात.

पायांनी तर पायांनी, मी कुठे नाही म्हणत होते? पण पोर झाल्यावर माझे पाय माझे राहिले का? बाळाला पाजायला तिथे जी खोली दिली आहे ती मुळात मोडक्या खुर्च्यांची खोली. इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला. बसायला जाल ती खुर्ची तीन पायांची! मागच्या अधिवेशनात आमच्या भागातल्या प्रसूतिगृहाच्या खाटांचा प्रश्न मतदानाला आला. इकडे चिमी पीत होती. चिमी म्हणजे आमची लेक. घंटा वाजली. मी तिला सोडवायला गेले, तिने दात नसताना असं काही धरून ठेवलं, की विचारू नका! शेवटी तिला काखोटीला मारून, ब्लाउजची बटणं लावत लावत, त्या लांबलचक बोळांमधून मी जी पळाले... आणि माझ्या नाकासमोर दार बंद! दारवान आतून म्हणतो, "घंटा थांबली, बाईसाहेब." मी म्हटलं, "अहो, माझ्याच भागाचा प्रश्न आहे!" तो म्हणतो, "दार सगळ्यांचंच आहे."

एका मतासाठी पडला प्रस्ताव. एका! ते एक मत म्हणजे मी. घरी गेले तर प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर दारात उभ्या. "ताई, तुम्ही कुठे होता?" काय सांगू? बाळंतिणींच्या खाटा गेल्या, कारण एक बाळंतीण बाळाला पाजत होती?

मग मी ठराव आणला. साधा हो, सरळ! ज्याला दारापर्यंत येणं शक्य नाही, आजारी असेल, पाय मोडला असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, त्याला इमारतीतल्या खोलीतून किंवा घरून बटण दाबून मत देता यावं. एवढंच. पण नियम असा, की असा ठराव एकदा पडला की पुढच्या निवडणुकीपर्यंत पुन्हा मांडता येत नाही. म्हणजे आत्ता नाही तर माझ्यासाठी कधीच नाही. तोवर चिमी मला पाढे म्हणून दाखवेल! आणि दोन महिन्यांनी खाटांचा प्रश्न पुन्हा यायचा होता, तेव्हाही मी अशीच दार ठोकत बसायचं?

चर्चा झाली. आबा उठले. माझ्याकडे पाहिलं, काठी आपटली. "बटण दाबायला काय लागतं? रागात दाबता येतं, झोपेत दाबता येतं, जेवता जेवता डाव्या हाताने दाबता येतं. पण तेवढं अंतर चालत जायचं म्हटलं की माणूस वाटेत विचार करतो. मी वाटेत मन बदलून दुसऱ्या दाराकडे वळलेली माणसं पाहिली आहेत. मत पायांनी द्यायचं असतं, बाई!" टाळ्या! आणि माझी पंचाईत ऐका, मला ते पटलं! खरंच पटलं हो! माझाच ठराव, आणि मी बाकावर बसून मान डोलावतेय. शेजारी शिट्टी बसली होती. शिट्टी म्हणजे आमच्या पक्षाची ती बाई, जी मतदानाला सगळ्यांना हाकून आणते. तिने मला असा कोपर मारला! "मान कुठल्या दिशेने हलवतेस?" मग मी मान आडवी हलवायला लागले.

नंतर ते वकीलसाहेब उठले. गुळगुळीत टक्कल, आवाज मात्र झुपकेदार. "या सभागृहाची पद्धत निर्दोष आहे! निर्दोष! यंत्र चुकेल, आबांचा हात चुकणार नाही!" पुन्हा टाळ्या. शिट्टी माझ्या कानात म्हणते, "मी सगळी माणसं मोजलीत. दोन्हीकडे सारखी. आणि बरोबरी झाली तर जुनंच कायम राहतं, म्हणजे आपण पडलो. तरी ये. पडायला तरी ये!"

तयारी मी केली होती बरं का! नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्याने अर्धी रजा टाकली होती. सासूबाई खास आल्या होत्या. ठरलं असं, की घंटा झाली की मी बोळात चिमीला सासूबाईंकडे द्यायची आणि पळायचं. आदल्या संध्याकाळी घरात तालीमही केली, चिमीच्या जागी उशी घेऊन. उशी अजिबात रडली नाही. पण प्रत्यक्षात काय झालं? नवरा गाडी लावायला जागा शोधत गेला. जगाच्या नकाशावर कुठलंही बेट क्षणात दाखवणारा माणूस, त्याला इमारतीच्या मागचा वाहनतळ सापडेना! आणि सासूबाई? त्या म्हणाल्या, "जरा वरून बघून येते, तू दिसतेस कशी ते." आणि प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसल्या. आणि घंटा वाजली. आणि घंटा वाजली की सज्जाला बाहेरून कुलूप लावायची इथली परंपरा आहे!

मी खाली, सासूबाई वर कुलपात, नवरा वाहनतळाच्या शोधात, पोर माझ्या पोटाशी झोळीत, आणि ती घंटा... ठण्‌ ठण्‌ ठण्‌! तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांपुढे ते नाकासमोर बंद झालेलं दार आलं, त्या सिस्टर आल्या, आणि मी पळाले. चिमीला घेऊन पळाले! एक हात तिच्या मानेला, एक हात भिंतीला.

दाराशी दारवान. "बाईसाहेब, सभासदांशिवाय कुणाला आत जाता येत नाही."

"अहो, मी सभासदच आहे!"

"तुम्ही आहात. ह्या?"

मी म्हटलं, "हिला कुठे ठेवू? छत्र्यांच्या स्टँडमध्ये?" बिचारा गोंधळला. पुटपुटायला लागला, "छत्री नेऊ नये... जनावर नेऊ नये... हत्यार नेऊ नये... मूल नेऊ नये असं काही नाही. पण नाही याचा अर्थ, असं कुणी करेल असं कुणाला वाटलंच नाही." घंटा चालूच! तो वाकून झोळीत डोकावला. "झोपल्यात का?"

"हो, हो, गाढ!"

"मग सामान म्हणून जा. जाग आली की त्या परक्या व्यक्ती धरल्या जातील!"

आपल्या लेकीला असं सामान म्हटलेलं ऐकून कुणाला एवढा आनंद झाला नसेल! मी वाकले, दारातून शिरले, मागे दार धाडकन लागलं, घंटा थांबली. पोचले! बाई, पोचले! तिथेच बसून रडावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती.

इथे नीट ऐका. मी वाकले ना, तर झोळी पुढे आली. आणि झोळीतून काय आलं? चिमीचं डोकं. आमच्या चिमीला केस असे नाहीतच, नुसती लव. आबा डोळे मिटून बसलेले. त्यांचा हात आला, आधी चिमीच्या डोक्यावर पडला, मग माझ्या. मला कळलं. कळलं हो! पण बोलायचं कसं? मोजणी चालू असताना बोलू नये असा नियम! मी मनात म्हटलं, आबांना कळलंच असेल, एवढंसं ते डोकं. आणि पुढे सरकले.

अध्यक्षबाईंनी निकाल वाचला. "होकार... एका मताने अधिक. ठराव मंजूर!"

अहो, काय तो जल्लोष! शिट्टीने खरंच शिट्टी वाजवली! कुणी कागद उडवले, कुणी मला मिठी मारायला आलं आणि मध्ये झोळी आली. वरून सासूबाई ओरडल्या, "टोपी घाल गं तिला, पंखे चालू आहेत!" आणि मी? मी हिशेब करतेय. शिट्टी म्हणाली होती सारखी. सारखी, आणि एक जास्त. ते एक... माझ्या पोटाशी झोपलंय.

शिट्टीला मी हळूच सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मग म्हणाली, "गप्प बस! आकडा एकदा वाचला की तो अंतिम. ही त्यांचीच परंपरा आहे!" मला सांगा, गप्प बसता आलं असतं का? कुणाला तरी आलं असतं. मला नाही. मी दुकानदाराने एक केळं जास्त घातलं तरी घरून परत जाणारी बाई! आणि समजा गप्प बसले, तर पुढे आयुष्यभर खाटांच्या मतदानाला कुणीतरी म्हणणार, हिच्या बटणामागे कुणाचं डोकं आहे?

मी उभी राहिले. म्हटलं, "अध्यक्षबाई, त्यातलं एक डोकं माझ्या मुलीचं आहे."

शांतता. अशी शांतता, की चिमीला जाग आली. आणि परक्या व्यक्तीने सभागृहात भोकाड पसरलं!

मग जो गोंधळ! "फसवणूक!" "लहान मूल मत देतं!" आणि सगळ्यात वर वकीलसाहेबांचा झुपकेदार आवाज. टक्कल लाल झालेलं. "हा काय पोरखेळ आहे? डोळे मिटून कुणी मोजतं का? हात लावून कळतं का माणूस कोण आहे ते? अहो, एकविसावं शतक आहे!"

अध्यक्षबाईंनी चष्मा खाली केला. "म्हणजे ही पद्धत बदलायला हवी असं आपलं म्हणणं आहे, वकीलसाहेब?"

काय हशा पिकला! हसू नये हा नियम गेला कुठल्या कुठे. तुम्हाला सांगते, एवढं भाषण करून जे मला सांगता आलं नाही, ते माझ्या विरोधकाने एका दमात सांगून टाकलं, आणि फुकट!

पण आबा हसत नव्हते. आबा उठले, काठी न आपटता. माझ्यासमोर आले. म्हणाले, "ते डोकं जरा दाखवा बघू." मी झोळी पुढे केली. आबांनी चिमीच्या डोक्यावर हात ठेवला. ह्या वेळी डोळे उघडे ठेवून. चिमी रडायची थांबली आणि तिने त्यांचं बोट धरलं. आबा म्हणाले, "मला वाटलं, वकील मन बदलून आला." आणि मग हळूच म्हणाले, "माझा आकडा कधी चुकलेला नाही."

मी म्हटलं, "आबा, तो चुकला नाहीच. दोन डोकी होती, तुम्ही दोन मोजलीत." बोट सोडवून घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

अध्यक्षबाईंनी फेरमतदान पुकारलं. घंटा! पण पोर कुणाकडे? सगळ्यांनाच दारातून जायचंय, सासूबाई कुलपात, नवरा... नवऱ्याला तेव्हा वाहनतळ सापडला होता, पण बाहेर यायची वाट सापडत नव्हती. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "इकडे द्या. मीच काय ती रिकामी आहे." आणि आमची चिमी, तुम्हाला सांगते, सभागृहातल्या सगळ्यात उंच खुर्चीत जाऊन बसली! एका मुठीत अध्यक्षांचा झगा, दुसऱ्या मुठीत हातोडा, आणि तोंडात झग्याचा गोंडा. मी दारातून वाकून जाताना मागे वळून बघितलं आणि मनात म्हटलं, बाई गं, निवडणूक न लढवता पोचलीस!

आत शिरले. आबांचा हात डोक्यावर आला, क्षणभर थांबला, दुसरं डोकं येतंय का म्हणून चाचपला, आणि पुढे गेला. आम्ही सगळे पलीकडे जाऊन उभे राहिलो. बरोबरी होणार, आणि बरोबरी म्हणजे पराभव, सगळ्यांना माहीत होतं. शिट्टी नखं खात होती. आपली संपली तर माझी खाईल अशा बेताने.

मोजणाऱ्याने शेवटी स्टुलावरून उठायचं आणि आपल्या बाजूच्या दारातून जायचं, अशी रीत. आबा उठले. नकाराच्या दाराकडे दोन पावलं चालले. थांबले. आणि मग, मी या डोळ्यांनी पाहिलं... वळले! होकाराच्या दाराशी परत आले, वाकले, कंबर धरून वाकले, आणि स्वतःच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवून शेवटचा आकडा मोजला!

अध्यक्षबाईंनी निकाल वाचला. होकाराचा आकडा? तोच! मघाचाच! आणि नकाराचा एकाने कमी!

"माझा आकडा बरोबरच होता," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक डोकं उशिरा पोचलं, एवढंच."

वकीलसाहेब धावत आले. "आबा, तुम्ही? तुम्ही बटणाच्या बाजूने?" आबांनी काठी अशी आपटली, की चिमीने वरून हातोडा आपटून उत्तर दिलं. "मी वाटेत मन बदललं! म्हणून तर सांगतो, मत पायांनी द्यायचं असतं, बाई!"

जिंकले! काय सांगू तुम्हाला! सज्जाचं कुलूप निघालं तशा सासूबाई खाली आल्या आणि आधी टोपी घातली, चिमीला आणि मग त्याच भरात मलाही. दारवानाने मला मान लववून सलाम केला, "सामानासह अभिनंदन, बाईसाहेब." त्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला. आता खाटांच्या मतदानाला मी त्या तीन पायांच्या खुर्चीत बसून, चिमीला पाजता पाजता, एका बोटाने होकार देणार होते! एवढ्या ताठ मानेने मी आयुष्यात कधी चालले नव्हते. चिमीला आणि मला, दोघींनाही एकदमच मान धरता आली म्हणायची.

त्याच संध्याकाळची गोष्ट. घरी आलो. टीव्हीवर मीच! नवरा सोफ्यावर पाय पसरून, "बघ बघ, तू दिसलीस!" सासूबाई बहिणीशी फोनवर, "अगं, आमच्या सुनेने देशाची पद्धत बदलली!" मी खुर्चीत टेकले होते, दिवसभरात पहिल्यांदा. आणि आतल्या खोलीत चिमी रडली.

नवरा म्हणाला, "रडतेय वाटतं. बघायला हवं कुणीतरी." सासूबाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "हो, बघायला हवं." मी म्हटलं, "हवंच." ठराव एकमताने मंजूर! विरोधात एकही मत नाही! आणि तरी बघा, कुणी जागचं हलेना...

काय करता? घरात मत अजून पायांनीच द्यायचं असतं, बाई. उठले!